पिंजाऱ्याची तात आणि अम्मीचा पाय

गेल्या पावसाळ्यात अम्मीच्या डाव्या पायाचं ऑपरेशन झालं. अठरा वर्षांचा मधुमेह. चप्पल घासून एक फोड आला, तो तिने आठवडाभर कुणाला दाखवला नाही. दाखवला तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात सर्जननी ती बोटं आणि भोवतीचं सडलेलं मांस काढलं. पाय वाचला, पण पावलावर तळहाताएवढी उघडी जखम राहिली. तिच्या तळाशी एका जागी हाड दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर म्हणाले, "हाडावर कातडी धरत नाही. आधी मांस भरून यायला हवं. त्यासाठी एक शीट लावू, बायोलॉजिकल असते. मेडिकलमधून आणा." मी चिठ्ठी घेतली आणि विचारलं, "बायोलॉजिकल म्हणजे कशापासून बनलेली?" ते म्हणाले, "कोलॅजन." मी परत विचारलं, "कोलॅजन कुठल्या प्राण्याचं?" त्यांनी फाइल मिटली. "सर, तुम्हाला आईचा पाय वाचवायचाय की चर्चा करायचीय?"

मी गप्प बसलो. माझी टोपी आणि दाढी पाहून त्यांनी माझा प्रश्न कुठल्या खणात टाकला ते मला समजलं होतं. वीस वर्षं मुलांना शिकवतोय, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला असं कुणी बोललं की त्याचा चेहरा कसा पडतो ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी माझाच पडला.

पण शेजारच्या खाटेवर एक माळकरी आजी होत्या. त्यांचीही जखम मधुमेहाचीच. डॉक्टर गेल्यावर त्यांचा मुलगा हळूच माझ्याजवळ आला. म्हणाला, "सर, विचारलंत ते बरं केलंत. आमच्या आईलाही तेच लावणार म्हणतायत. ते गाईचं नाही ना हो?"

आम्ही दोघं खाली मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने खोका दाखवला. बारीक अक्षरांत, एका कोपऱ्यात, एकच शब्द होता: बोव्हाइन. म्हणजे गाय-बैलांच्या वर्गातला प्राणी. माझा जीव अर्धा भांड्यात पडला, कारण मला डुकराची भीती होती. अर्धाच, कारण तो प्राणी जबिहा केलेला होता की नाही, ते खोक्यावर कसं असणार? शेजारच्या दादांचा चेहरा मात्र उतरला. एकाच खोक्यासमोर आम्ही दोघं उभे होतो. प्रश्न एकच होता, फक्त प्राणी वेगळा होता.

अम्मीला वर येऊन सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "मेरे पाँव में क्या लगा रहे सो पहले मेरे कू बोलो, फिर लगाओ." तिचा नकार नव्हता. तिला फक्त सांगायला हवं होतं.

त्यानंतरचे काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. मी भाषेचा शिक्षक आहे, डॉक्टर नाही. पण वाचता वाचता लक्षात आलं की हा विषय आपल्या घरापासून फार लांबचा नाही. अगदी माझ्या घरापासूनसुद्धा.

आम्ही पिंजारी. माझे आजोबा, म्हणजे दादा, खांद्यावर कमान टाकून गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजायला जात. त्या कमानीची दोरी सुताची नसे. ती तात असे, बकऱ्याच्या आतड्यापासून वळलेली. ओली असताना पीळ देऊन ताणायची आणि वाळवायची. मग लाकडी ठोकळ्याचा फटका बसला की कापूस उडे आणि गल्लीभर आवाज घुमे. सारंगीलाही अशाच आतड्याच्या तारा लागतात. आतडं ही मऊ, ओलसर वस्तू. पण पीळ देऊन वाळवलं की इतकं चिवट होतं, याचं लहानपणी मला मोठं नवल वाटे.

हीच तात हजारो वर्षं माणसाच्या जखमा शिवत आली आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन रक्तवाहिनी बांधायला रेशीम किंवा आतड्याचा दोर वापरायला सांगतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत फाटलेलं आतडं सांधायची एक विलक्षण युक्ती आहे. जखमेच्या कडा जुळवायच्या, त्यावर मोठ्या काळ्या मुंग्यांना चावा घ्यायला लावायचा आणि मग धड तोडून डोकी तशीच ठेवायची. आठव्या-नवव्या शतकात बगदादमध्ये बरमकी वजिरांच्या आश्रयाने सुश्रुताचा अरबी अनुवाद झाला. तो करणारा मनका नावाचा भारतीय वैद्य होता.

मग येतो अंदलूसचा अबुल कासिम अल जहरावी. कुर्तुबाजवळच्या मदिनतुज्जहरा या शहरातला. काळ साधारण ९३६ ते १०१३. त्याच्या 'किताबुत्तसरीफ' या ग्रंथाचे तीस भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात सुमारे दोनशे अवजारांची चित्रं आहेत. पोटाच्या जखमांबद्दल लिहिताना तो मुंग्यांची युक्ती सांगतो, आणि प्राण्याच्या आतड्यापासून काढलेल्या बारीक धाग्याने आतडं शिवायचंही सांगतो. बाराव्या शतकात तोलेदो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोना याने हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि पुढची काही शतकं युरोपचे सर्जन त्यावर शिकले.

इथे एक खबरदारी घेतो. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अल जहरावीच्या माकडाने वीणेच्या तारा खाल्ल्या आणि त्यावरून त्याला विरघळणाऱ्या टाक्यांचा शोध लागला, अशी गोष्ट फिरते. गोष्ट गोड आहे, पण ती दंतकथाच. आतड्याचा दोर गॅलेनलाही माहीत होता. 'सगळं आधी आपणच शोधलं' हा आजार आपल्यालाही आहे आणि शेजाऱ्यालाही. खरी गोष्ट मला जास्त आवडते. ग्रीक लिहितो, भारतीय बगदादला जाऊन अनुवाद करतो, अंदलूसचा मुसलमान त्यात स्वतःच्या हाताचा अनुभव घालतो आणि इटलीचा ख्रिश्चन ते लॅटिनमध्ये उतरवतो. जखम शिवण्याच्या या कामात कुणी कुणाची जात विचारली असती तर धागा तिथेच तुटला असता.

तरीही एक गोष्ट शेकडो वर्षं कुणाला नीट कळली नव्हती. शरीरात ठेवलेल्या त्या आतड्याच्या धाग्याचं पुढे होतं काय? तो विरघळतो, एवढंच ठाऊक होतं.

उत्तर मिळालं एका वासरातून. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा जनक जोसेफ लिस्टर तेव्हा ग्लासगोला प्राध्यापक होता. त्या काळी रक्तवाहिनी रेशमाने बांधून दोऱ्याचं टोक जखमेबाहेर लोंबतं ठेवत. तिथूनच पू व्हायचा आणि कधी कधी बांधलेली वाहिनी फुटून रोगी दगावायचा. १८६८ च्या डिसेंबरअखेर लिस्टरने एका वासराच्या मानेतली रोहिणी कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या आतड्याच्या धाग्यांनी बांधली. महिनाभराने वासरू मारून पाहिलं. पहिल्या नजरेला धागे जसेच्या तसे वाटले. पण नीट पाहिल्यावर कळलं की ते धागे आता धागे नव्हतेच. त्यांच्या जागी, त्याच आकाराचा, वासराच्या स्वतःच्या जिवंत ऊतीचा पट्टा तयार झाला होता.

मला हे वाचताना अम्मीच्या खाटेजवळ उभं असल्यासारखं वाटलं. तो तरुण डॉक्टर जे मला सांगू शकला असता ते लिस्टरने १८६९ मध्ये लिहून ठेवलं होतं. मेलेल्या प्राण्याचा तंतू निर्जंतुक करून शरीरात ठेवला तर शरीर त्याला नुसतं खाऊन टाकत नाही, त्याच्या आधाराने स्वतःचं मांस विणतं. इमारत बांधताना गवंडी परांची बांधतो, तसंच हे. फरक एवढाच की ही परांची कुणी येऊन सोडत नाही. भिंत उभी राहत जाते तशी शरीरच ती थोडी थोडी पचवतं.

धाग्याची ही गोष्ट. पण कातडीच गेली असेल तर?

त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर आपल्या पुण्यातलं आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्यात वीटभट्टीवाल्या समाजातल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. त्या पुण्याच्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

स्वतःची कातडी ही आजही सगळ्यात उत्तम. ती परकी नाही, शरीर तिला नाकारत नाही आणि कुठल्याही धर्माची तिला हरकत नाही. पण तिला दोन अडचणी आहेत. एक, अंग अर्ध्याहून जास्त भाजलं असेल तर कातडी घेणार कुठून? दोन, उघड्या हाडावर ती जगत नाही, कारण खालून रक्त मिळत नाही. अम्मीची अडचण दुसरी होती.

पहिल्या अडचणीवर अमेरिकेत बोस्टनला दोन माणसांनी काम केलं. जॉन बर्क हा सर्जन भाजलेल्या मुलांवर उपचार करायचा. आयोनिस यानास हा ग्रीसमध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ एमआयटीत शिकवायचा. त्यांनी गुरांच्या कोलॅजनमध्ये शार्क माशाच्या कूर्चेतला एक पदार्थ मिसळून स्पंजासारखं सच्छिद्र पटल बनवलं आणि वर सिलिकॉनचा पातळ थर दिला. जखम लवकर मिटावी ही मूळ अपेक्षा. प्रयोगात उलटंच दिसलं, जखम आकसायची थांबली. पण त्या पटलाच्या छिद्रांत नवा अंतस्त्वचेचा थर तयार होत होता. नुसता व्रण नाही, कातडीचा खालचा थर. १९८१ मध्ये त्यांनी दहा रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांचं ५० ते ९५ टक्के अंग भाजलेलं होतं. नवा थर आला की सिलिकॉन काढायचं आणि रोग्याच्याच कातडीचा अगदी पातळ पापुद्रा वर लावायचा. १९९६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे पटल मंजूर केलं.

दुसरी वाट इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात सापडली. स्टीफन बॅडिलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा आतला-बाहेरचा थर खरवडून मधलं चिवट पटल कुत्र्यांच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या जागी लावून पाहिलं. १९८९ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. काही काळाने पाहावं तर ते आतड्यासारखं दिसेनासं झालं होतं, रक्तवाहिनीसारखं दिसू लागलं होतं. पुढे यासाठी डुकराचं आतडं सर्रास वापरलं जाऊ लागलं, कारण ते भरपूर मिळतं. म्हणजे पुन्हा आतडंच. दादांची तात फिरून दवाखान्यात आली म्हणा ना.

हे पटल बनवतात कसं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या प्रश्नासाठी ते लागेल. प्राण्याची कातडी, आतडं, मूत्राशय असं काही घेतात. साबणासारखी द्रव्यं, आम्लं, पाचक द्रव्यं वापरून त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढतात. शरीर ज्याला 'परका' म्हणून ओळखतं तो मुख्य भाग पेशींचाच असतो. पेशी गेल्या की उरते पेशींच्या भोवतीची जाळी, म्हणजे कोलॅजन, इलॅस्टिन आणि वाढीचे संदेश देणारी काही प्रथिनं. ती निर्जंतुक करून पाकिटात भरतात. जखमेवर लावली की शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी आत शिरतात, जाळी तोडायला लागतात. त्यांच्या मागोमाग नवे तंतू विणणाऱ्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या येतात. काही आठवड्यांत पांढऱ्या पटलाच्या जागी लाल, ओलसर, जिवंत मांस दिसू लागतं.

आज ही परांची अनेक प्राण्यांपासून बनते. गुरांची आहेत, डुकराची आहेत. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून असं पटल तयार केलं. त्याला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. कशापासून बनवलं ते संस्थेने उघड सांगितलं, ही बाब मला महत्त्वाची वाटते. आइसलँडमध्ये कॉड माशाच्या कातडीपासून बनलेलं पटल आहे, अमेरिकेत ते २०१३ पासून चालतं. ब्राझीलमध्ये भाजलेल्या जखमांवर तिलापिया माशाची कातडी लावतात. शिवाय माणसाचंही आहे. बाळंतपणानंतर वारेबरोबर जे पातळ आवरण बाहेर पडतं ते जखमेवर लावण्याचा प्रयोग १९१० मध्येच अमेरिकेत झाला होता. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू केली. मातांच्या संमतीने मिळालेलं हे आवरण तिथे तपासून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांसाठी देतात. एका बाईच्या बाळंतपणात जे टाकून दिलं जातं ते दुसऱ्याच्या भाजलेल्या अंगावर ठेवलं जातं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की ही जादूची चादर आहे. तसं नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर टाके सैल होऊन हर्निया होतो तेव्हा जाळी बसवतात. जंतुसंसर्गाचा धोका असेल तर महागडी जैविक जाळीच बरी असं बरीच वर्षं मानलं जाई. २०२२ मध्ये अमेरिकेत २५३ रोग्यांवर केलेल्या तुलनेचा निष्कर्ष आला. दोन वर्षांत जैविक जाळी लावलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांचा हर्निया परतला, साध्या कृत्रिम जाळीवाल्यांमध्ये ५.६ टक्क्यांचाच. किमतीतला फरक तर शेकडो पटींचा. तेव्हा 'बायोलॉजिकल आहे' हा शब्द उच्चारला की प्रश्न संपत नाहीत. तिथूनच सुरू व्हायला हवेत. कुठल्या जखमेसाठी? तिचा फायदा दिसलाय का? स्वस्तातलं काही आहे का?

आता आपला प्रश्न. चालतं की नाही?

फतवा देणं माझं काम नाही, त्यासाठी आलिम आहेत. पण इतिहास सांगू शकतो. हा प्रश्न 'आधुनिक विज्ञान आणि मागासलेले मुसलमान' असा मांडला जातो तेव्हा मला तेराव्या शतकातले इमाम नववी आठवतात. सीरियातल्या नवा गावचे, १२७७ मध्ये वारलेले, शाफई पंथाचे मोठे फकीह. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, तेव्हा तिथल्या मदरशांत हे नाव घरचंच. नववींनी चर्चा केली आहे ती अशी: एखाद्याचं हाड मोडलं आणि ते सांधायला पाक हाड मिळालं नाही, म्हणून नापाक हाड वापरलं, तर तो माणूस माफ आहे. इतकंच नाही, काढताना अपाय होण्याची भीती असेल तर काढण्याचा आग्रह नाही. आणि पुढे ते म्हणतात की जखम नापाक धाग्याने शिवली असेल तर तिलाही हाच नियम.

साडेसातशे वर्षांपूर्वी एक माणूस शांतपणे बसून हाड आणि धाग्याचा विचार करत होता. त्याने प्रश्न विचारणाऱ्याला हाकलून दिलं नाही, आणि रोग्याला मरू द्या असंही म्हटलं नाही. पाक वस्तू मिळत असेल तर ती घ्या, नसेल तर जीव आणि अवयव वाचवा.

आजच्या चर्चाही याच वाटेने गेल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इस्लामिक फिकह अकॅडमीने अवयवरोपणावर विचार केला. जीव किंवा अवयव जाण्याचा धोका असेल आणि दुसरा पर्याय नसेल तेव्हा हलाल नसलेल्या प्राण्याचा भागही वापरता येईल, पण तसा धोका नसताना डुकराचा नको, असा त्याचा आशय. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामिक वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेत 'इस्तिहाला'चा, म्हणजे वस्तू मुळातूनच पालटून दुसरी होण्याचा, विचार झाला. नापाक प्राण्याच्या हाड-कातडीपासून बनलेलं जिलेटिन पालटलेलं म्हणून पाक, असं तिथे ठरलं. इथे वाचकांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. जिलेटिन बनवताना कोलॅजन उकळून मोडलं जातं. आपण वर पाहिलेल्या पटलात मात्र पेशी धुतल्या जातात आणि जाळी मूळ रूपातच जपली जाते, तोच तर तिचा गुण. त्यामुळे जिलेटिनचा निर्णय तिला आपोआप लागू होतो असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच उलमांमध्ये मतभेद आहेत. मासा किंवा माणसाने दिलेलं आवरण हाताशी असेल तर बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. ज्या डॉक्टरला हे पर्याय ठाऊक आहेत तो रोग्याशी भांडणार नाही. त्याला ते सांगता येतील.

आणि प्रश्न विचारणं हे फक्त धर्माचं काम आहे असंही समजू नका. युरोपात गुरांमधल्या 'मॅड काऊ' रोगाची भीती पसरली तेव्हा, २००१ मध्ये, ब्रिटनने आतड्याचे टाके वापरातून काढले. म्हणजे 'कुठल्या प्राण्याचं?' हा प्रश्न तिथे शास्त्रज्ञांनीच विचारला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात माहितीचा आणि समजून-उमजून संमती देण्याचा हक्क आहे. शरीरात काय बसवणार हे सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही संमती कशी?

इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला १८५७ ची काडतुसं आठवतील. गाईची चरबी, डुकराची चरबी. त्या वेळी हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच गोष्टीने अस्वस्थ झाले. आपल्या तोंडात काय जातंय ते आपल्याला कुणी खरं सांगत नाही, ही ती गोष्ट. मेडिकलच्या काउंटरवर मी आणि ते माळकरी दादा उभे होतो तेव्हा मला तेच आठवत होतं. फरक एवढाच की इथे समोर शत्रू नव्हता. थकलेला एक तरुण डॉक्टर होता, ज्याला हे सांगायचं असतं असं कुणी शिकवलं नसावं.

पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मी आमच्या मशिदीतल्या मौलानांना फोन केला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: भरवशाचा डॉक्टर हे जरुरीचं म्हणतो का, आणि दुसरा पर्याय लगेच मिळतो का? मग म्हणाले, "पाय वाचवा, अम्मींना माझा सलाम सांगा." संध्याकाळी मोठे सर्जन राउंडला आले. आम्ही दोन्ही घरचे मिळून त्यांच्यासमोर उभे राहिलो. त्यांनी खुर्ची ओढली आणि दहा मिनिटं नीट समजावलं. आजींना पटल न लावता जखमेवर हवा ओढणारं यंत्र लावायचं आणि मांस भरल्यावर मांडीची कातडी लावायची, वेळ जास्त लागेल, असं ठरलं. अम्मीचं हाड उघडं होतं, तिला थांबणं धोक्याचं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "अब समझा. बिस्मिल्लाह करो."

चौथ्या आठवड्यात हाड झाकलं गेलं. नंतर मांडीची कातडी लावली. आज ती काठी घेऊन अंगणात चालते आणि नमाज खुर्चीवर बसून पढते. आजींच्या मुलाचा ईदला फोन आला होता. त्यांचीही जखम भरली, दीड महिना जास्त लागला एवढंच.

परवा ड्रेसिंग सुटल्यावर अम्मीने पायाकडे बघत विचारलं, "वो जो लगाया था, वो अब कहाँ है?" मी तिला लिस्टरच्या वासराची गोष्ट सांगितली. आता तिथे ते नाही, तुझंच मांस आहे, म्हणालो. तिने थोडा विचार केला आणि दादांची आठवण काढली. म्हणाली, "तेरे दादा की तात भी ऐसीच थी. बकरा जाता, तात काम करती रहती."

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन असेल आणि डॉक्टर 'बायोलॉजिकल' म्हणाले, तर अदबीने विचारा: कुठल्या प्राण्याचं आहे, का लागतं आहे, दुसरं काय आहे आणि किती पैशांत? उत्तर मिळेपर्यंत विचारा. उत्तर मिळालं की मात्र उशीर करू नका. जखम थांबत नाही.